आधी झाड, मग अळी: रानात फुलपाखरांच्या अळ्या शोधायला सुरुवात करताना

अळ्या शोधायला पहिल्यांदा निघालेला माणूस दिसेल त्या झुडपात डोकं घालतो, दोनचार फांद्या वरखाली बघतो आणि "इथे काही नाही" म्हणून पुढे सरकतो. तिथे अळ्या असल्या तरी अशा बघण्यानं त्या दिसायच्या नाहीत. पक्षी, कोळी, गांधीलमाश्या यांच्या नजरेतून सुटणं हेच अळीच्या जगण्याचं निम्मं काम असतं. झाडाला मात्र लपता येत नाही. म्हणून हा उद्योग झाडापासून सुरू करायचा. कुठल्या फुलपाखराची अळी कुठल्या झाडाचं पान खाते एवढं कळलं, की अख्खं रान धुंडाळायचं कारण उरत नाही. शोध एका झुडपापुरता, पुढे तर त्या झुडपाच्या चारसहा शेंड्यांपुरता राहतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट झालेली बरी. ज्या फुलांवर फुलपाखरं घोटाळताना दिसतात ती झाडं आणि अळ्यांची झाडं सहसा वेगळी असतात. घाणेरीच्या फुलांवर कितीतरी जातींची फुलपाखरं मध प्यायला येतील, पण त्यातल्या बहुतेकांच्या अळ्या घाणेरीच्या पानाला तोंड लावणार नाहीत. मधाच्या बाबतीत फुलपाखरू फारसं चोखंदळ नसतं, अळी मात्र कमालीची चोखंदळ असते. अळी जे झाड खाते त्याला खाद्यवनस्पती म्हणतात. प्रत्येक वनस्पतीनं स्वतःच्या बचावासाठी पानांत काही ना काही रसायनं साठवलेली असतात आणि ती पचवायची सोय त्या त्या कुळातल्या अळ्यांकडेच असते. झाडं आणि फुलपाखरं एकमेकांना तोंड देता देता अशी बदलत गेली, हा विचार पॉल एरलिक आणि पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडला. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ इतकाच, की वनस्पतीचं कूळ ओळखता आलं तर अर्धी यादी आपोआप पाठ होते.

पहिली पायरी: मोजकी झाडं, पण पक्की

पन्नास खाद्यवनस्पतींची यादी मोबाइलमध्ये साठवून काही होत नाही. पाचसहा झाडं निवडा आणि ती फूल नसताना, शेंग नसताना, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, रोपटं असताना आणि मोठं झाल्यावरही ओळखता आली पाहिजेत. सुरुवातीला मी ही सुचवेन (सोबतची इंग्रजी नावं फुलपाखरांची):

रुई. प्लेन टायगरसाठी. यापेक्षा सोपं झाड नाही, त्यामुळे तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

लिंबाच्या कुळातलं कुठलंही झाड: रानातला कढीपत्ता, बेल, रानलिंबू. पान चुरगाळून वास घेतला की कूळ कळतं. पान उजेडात धरलं तर तेलाचे बारीक पारदर्शक ठिपकेही दिसतात. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन इथे हमखास. दाट झाडीत निलवंत फुलपाखरूही याच कुळावर येतं.

टाकळा. पावसाळ्यात पडीक जागी उगवतो, पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. कॉमन ग्रास यलोच्या अळ्या यावर मिळतात. रात्री टाकळ्याची पानं मिटतात, त्यामुळे ती पूर्ण उघडल्याशिवाय बघण्यात अर्थ नाही.

एरंड. कॉमन कॅस्टर आणि अँगल्ड कॅस्टर या दोघांच्या काटेरी अळ्या इथे असतात.

पानफुटी. रेड पिएरो. ही अळी पानावर बसत नाही, पानाच्या आत राहते, म्हणून ती शोधायची पद्धत वेगळी आहे.

आंबा. कॉमन बॅरनसाठी. हे झाड ओळखायला सोपं आणि अळी दिसायला महाकठीण, म्हणून यादीत शेवटी. पण ती एकदा दिसली की डोळ्यांना जे वळण लागतं ते पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

ही झाडं अंगवळणी पडली की करंज, बहावा, सीताफळ, उंच सरळ वाढणारा हिरवा अशोक, उंबर, अनंतमूळ, बांडगूळ अशी यादी वाढवत न्यायची. टेल्ड जे सीताफळावर आणि हिरव्या अशोकावर येतं. कॉमन क्रो उंबरावर, वडावर, कण्हेरीवर आणि अनंतमुळावर येतं. हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावर घोळक्यानं राहतात. जमिनीलगतच्या क्षुल्लक तणांनाही विसरू नका. आंबुशीवर पेल ग्रास ब्लू आणि घोळीवर डॅनेड एगफ्लाय अंडी घालतं.

दुसरी पायरी: वेळ साधणे

कोवळी पालवी जिथे आणि जेव्हा, तिथे आणि तेव्हा. ज्या प्रदेशात मोसमी पाऊस पडतो तिथे पहिल्या पावसानंतर दोनतीन आठवड्यांनी हा हंगाम सुरू होतो आणि पाऊस संपल्यावरही काही आठवडे चालतो. थंड प्रदेशात वसंतापासून पुढे. कोरड्या दिवसांत ओढ्याकाठची, सावलीतली, नुकतीच छाटलेली किंवा गुरांनी खाऊन पुन्हा फुटलेली झाडं बघा. छाटलेल्या झाडाचे फुटवे अगदी डोळ्यांसमोरच्या उंचीवर येतात, ही आपली सोय.

दिवसात सकाळची वेळ चांगली, ऊन तिरपं असताना. पानावर मागून ऊन पडत असेल तर पानाखालची अळी सावलीच्या रूपात दिसते, पान उलटावंही लागत नाही. दुपारच्या उन्हात बऱ्याच अळ्या खाणं थांबवून दांड्याकडे किंवा खालच्या पानांकडे सरकतात. पण उन्हं चढल्यावर फुलपाखराच्या माद्या अंडी घालायला निघतात, त्यामुळे तोही वेळ वाया जात नाही.

तिसरी पायरी: मादीचा माग

झाड ओळखता येत नसेल तर मादीला शोधू द्या. या विषयात तिच्याइतका जाणकार कुणी नाही.

अंडी घालणाऱ्या मादीचं उडणं निराळं असतं. ती फुलांकडे ढुंकून बघत नाही. झुडपांच्या कडेकडेनं, खालून, संथ आणि अडखळत उडते, एका पानावर क्षणभर टेकते, उठते, शेजारच्या पानावर टेकते. टेकल्यावर ती पायांनी पानावर टपटप करते, कारण तिची चव घेण्याची इंद्रियं पायांतही असतात. पान पसंत पडलं की पोटाचं टोक वाकवून पानाला लावते, क्षणभर थांबते आणि निघते. पुष्कळदा चारपाच पानं नाकारून एकावर अंडं घालते. तुम्ही तीनचार पावलं लांब उभे राहा, अंगाची सावली तिच्यावर पडू देऊ नका आणि ती निघून गेल्यावर नेमक्या त्याच पानापाशी जा. डोळा त्या पानावरून हलवू नका. नजर हटली की सगळी पानं सारखी दिसायला लागतात.

अंड्याच्या आकारावरूनही कूळ कळतं. लाइम बटरफ्लाय, मॉर्मन यांची अंडी गोल, गुळगुळीत, फिकट पिवळी असतात. ग्रास यलो, एमिग्रंट यांची उभी, दोन्ही टोकांना निमुळती. ब्लू गटातल्या छोट्या फुलपाखरांची चपटी, वरून जाळीदार नक्षीची. टायगर आणि क्रोंची उंचट आणि उभ्या रेघांची. बहुतेक जाती एका पानावर एकच अंडं घालतात. टॉनी कॉस्टर, हळदीकुंकू, थ्री-स्पॉट ग्रास यलो मात्र पुंजक्यानं घालतात. उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं, म्हणजे त्याच आठवड्यात परत आलात तर अळी भेटण्याची शक्यता बरीच.

चौथी पायरी: अळी सोडून तिच्या खुणा बघणे

या पायरीवर घाई करू नका. सरावलेला माणूस झाडापाशी आला की अळी शोधत नाही, तो पानं वाचतो. कुठे खाल्लंय, कधी खाल्लंय, किती मोठ्या तोंडानं खाल्लंय.

खाल्लेल्या पानाची कड हिरवी, ओलसर असेल तर खाणारा आसपास आहे. कड तपकिरी, कोरडी झाली असेल तर तो मुक्काम हलवून गेलाय, मोठा होऊन कोश करायला निघून गेलाय, किंवा कुणी त्यालाच खाल्लंय. तान्ही अळी पान आरपार खाऊ शकत नाही. ती वरचा हिरवा थर खरवडते आणि खाली पातळ पापुद्रा उरतो, पानात बारीक खिडक्या पडल्यासारखं दिसतं. मोठी अळी कडेपासून आत गोलाई घेत खाते. पण कडेनं खाणारे नाकतोडे आणि भुंगेही असतात, म्हणून दुसरी खूण जोडून बघायची: लेंड्या.

अळी सतत खाते आणि सतत लेंड्या टाकते. खालच्या पानांवर, दांड्याच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्यात या लेंड्या अडकतात. ताजी लेंडी हिरवट आणि ओली, जुनी काळपट आणि कडक. खसखशीच्या दाण्याएवढी असेल तर अळी लहान, मिरीच्या दाण्याकडे झुकली तर बोटाएवढी अळी वर कुठेतरी आहे. लेंड्या दिसल्या की सरळ वर बघा. थेट वरचं पान, मग त्याच्या वरचं. मला स्वतःला अळ्या सापडण्याचा हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग वाटतो, कारण रंग, आकार, बसण्याची जागा हे सगळं अळी लपवते, पण पोटातून बाहेर पडलेलं लपवणं फार थोड्या जातींना जमतं.

त्या थोड्यांची गंमतही बघण्यासारखी असते. स्किपर गटातल्या फुलपाखरांच्या अनेक अळ्या लेंडी लांब भिरकावून देतात, आपल्या घराशेजारी पडू देत नाहीत. भुतकेसाच्या झाडावरची कमांडर फुलपाखराची छोटी अळी तर लेंड्यांचाच उपयोग करते. पानाचं टोक मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी खाऊन ती शीर उघडी ठेवते, तिच्या टोकाला रेशमाच्या धाग्यानं लेंड्या चिकटवून ती लांबवते आणि या काडीवर जाऊन बसते. भुतकेसाच्या पानाच्या टोकाला अशी उघडी शीर पुढे आलेली दिसली आणि तिच्या आसपास सुकलेल्या पानाचे तुकडे लोंबत असले, तर भिंग काढा. त्या कचऱ्यातच एक तुकडा जिवंत असेल.

गुंडाळलेलं किंवा कडेनं घडी घातलेलं पान हीही खूण. हळदीच्या आणि रानहळदीच्या पानाची कड दुमडून शिवलेली दिसली तर आत ग्रास डेमन असण्याची शक्यता मोठी. ती घडी उकलू नका. अळीला ती पुन्हा शिवायला वेळ आणि धागा दोन्ही खर्च करावं लागतं. पान उजेडाकडे धरलं की आतली सावली दिसते, तेवढं पुरे.

आणि मुंग्या. शेंड्यावर किंवा कळ्यांवर मुंग्या घोळका करून एखाद्या जागी थबकलेल्या दिसल्या तर तिथे मावा असेल, नाहीतर एखाद्या ब्लूची अळी. बऱ्याच ब्लूंच्या अळ्यांच्या पाठीवर गोड रस देणारी ग्रंथी असते, मुंग्या तो रस पितात आणि बदल्यात अळीजवळ पहारा राहतो. सायकसच्या कोवळ्या पानांवर प्लेन्स क्युपिडच्या अळ्या अशाच मुंग्यांमुळे सापडतात. करंजाच्या कोवळ्या पालवीवर इंडियन सनबीमची अळी बघा. तिच्या मागच्या टोकाला दोन उभ्या नळ्या असतात आणि तिला डिवचलं की त्यांतून क्षणभर कुंचले बाहेर येऊन गरगर फिरतात. पण मुद्दाम डिवचायला जाऊ नका. मुंगी धडकली तरी ती तसं करते, जरा वाट बघा.

पाचवी पायरी: रुईपाशी अर्धा तास

आता प्रत्यक्ष बघू. रुईचं झुडूप निवडा, कमरेएवढं, भरपूर कोवळे शेंडे असलेलं, शक्यतो मोकळ्या जागी. मोठ्या जुनाट झुडपापेक्षा तरुण फुटवा बरा.

आधी दोन पावलांवरून नुसतं बघा. मधल्या शिरेपाशी मोडून लोंबणारं एखादं पान दिसतंय? रुईला चीक असतो आणि तो अळीच्या तोंडात गेला तर तोंड चिकटतं. म्हणून मोठी अळी आधी पानाची मधली शीर किंवा देठ कुरतडते, चीक तिथून गळून जातो, पान ढिलं पडतं आणि मग ती पुढचा भाग निवांत खाते. लहान अळी हेच छोट्या प्रमाणात करते, गोलाकार चर कोरून आतला भाग खाते. म्हणून रुईच्या पानांवरची गोल भोकं आणि लोंबलेली पानं या दोन खुणा एकत्र दिसल्या की झुडपात अळी राहते आहे असं समजा.

मग शेंड्यापासून खाली या. पान देठाशी धरून हलकेच वर उचला आणि खालची बाजू बघा. रुईच्या पानावर पांढरट पावडर असते, तीवर एकटं, उंचट, फिकट अंडं टाचणीच्या टोकाएवढं दिसतं. अळी सापडली तर तिला ओळखायला काही अडचण नाही: अंगावर पांढरे, काळे, पिवळे आडवे पट्टे आणि काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या, एक पुढे, एक मध्ये, एक मागे. या शेंड्या मोजायची सवय आत्ताच लावून घ्या. याच गटातल्या ब्लू टायगरच्या अळीला दोन जोड्या असतात, कॉमन क्रोला चार. ही अळी लपत नाही, कारण चिकातलं विष तिच्या अंगात मुरलेलं असतं आणि भडक रंग ही त्याची जाहिरात असते. नवख्यानं रुईपासून सुरुवात करावी ती यासाठीच.

रुईवर बाकीचीही वस्ती आहे. पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांना चिकटलेला असतो, त्याला खाणारे लेडीबर्ड भुंगे आणि त्यांची पिल्लं असतात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा मोठा रंगीत नाकतोडा तर पानंच्या पानं फस्त करतो. नुसतं फस्त झालेलं झुडूप दिसलं की आधी या नाकतोड्यावर संशय घ्या. झुडपाचा नाद सोडण्यापूर्वी पानांच्या खाली कोशही शोधा. प्लेन टायगरचा कोश हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो, उलटा टांगलेला, त्यावर सोनेरी ठिपके.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पान तोडायचं कारण नाही, तरी हात लागलाच असेल तर तो धुतल्याशिवाय चेहऱ्याजवळ नेऊ नका.

सहावी पायरी: लपणाऱ्या अळ्यांसाठी डोळा बदलणे

रुईनंतर कढीपत्त्याकडे किंवा रानलिंबाकडे वळा. इथे पहिली चूक कशी होते ते सांगतो. माणूस हिरवी अळी शोधतो आणि पानाच्या वर उघड्यावर पडलेली पक्ष्याची ओली शीट सोडून देतो. ती शीट म्हणजेच लाइम बटरफ्लायची लहान अळी. तपकिरी-काळं चकचकीत अंग आणि त्यावर पांढरा डाग, हुबेहूब. शेवटची कात टाकल्यावर हीच अळी हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन निरनिराळ्या जातींच्या अळ्या आहेत असं वाटू शकतं. फुलपाखराची अळी बहुधा चार वेळा कात टाकून पाच अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेत तिचा अवतार बदलू शकतो. म्हणून एकाच फोटोवरून ओळख पटवायचा हट्ट धरू नये. या अळीला त्रास झाला की डोक्यामागून नारंगी, दुभंगलेलं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ते बघायला मजा येते, पण पुन्हा पुन्हा टोचून तिला दमवू नका.

टाकळ्यावर आणि बहाव्यावर हिरव्यावर हिरवी अळी मधल्या शिरेला लागून लांबट बसलेली असते. तिथे अळी दिसत नाही, जाड झालेली शीर दिसते. हाच धडा आंब्यावर जास्त कठीण होऊन येतो. कॉमन बॅरनची अळी पानाच्या वर, मध्यभागी बसते. पाठीवरची फिकट रेघ बरोबर पानाच्या शिरेवर जुळवते आणि दोन्ही बाजूंचे पिसासारखे हिरवे काटे पानाला सपाट टेकवते, म्हणजे सावलीच पडत नाही. ती शोधायला पानांच्या शिरा बघत जा. एखाद्या पानाची शीर मध्येच थोडी फिकट, थोडी रुंद वाटली की थांबा. पान तिरपं धरून बाजूनं बघितलं तर उंचवटा दिसतो.

पानफुटीवर मात्र पानाच्या पृष्ठभागावर बघून उपयोग नाही. जाड पानावर फिकट, पोकळ डाग आणि एखादं भोक दिसलं, भोकाशी काळ्या लेंड्या दिसल्या, तर रेड पिएरोची अळी आत मगज खात बसली आहे. इथेही उजेडाकडे धरून बघायचं. चित्रकावर झेब्रा ब्लूसाठी कळ्या आणि फुलं तपासा. खुळखुळ्यावर पी ब्लूसाठी शेंगांना भोक आहे का बघा. सगळ्याच अळ्या पानं खातात असं नाही. एप फ्लायची अळी तर पिठ्या ढेकूण खाते, झाडच खात नाही.

दिवसा काहीच दिसलं नाही तर अंधार पडल्यावर त्याच झुडपाशी परत या. पुष्कळ अळ्या रात्री बाहेर येऊन खातात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली पानं निस्तेज, गडद दिसतात आणि बऱ्याच अळ्या चमकून उठतात. टॉर्चचा झोत स्वतःच्या किंवा सोबत्याच्या डोळ्यांवर पाडू नका. एकट्यानं रात्री रानात जायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

सातवी पायरी: ही फुलपाखराचीच का?

सापडलेल्या अळ्यांतल्या बऱ्याच पतंगांच्या निघणार, त्याला इलाज नाही. पतंगांच्या जाती फुलपाखरांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मागच्या टोकाला एकच शिंग असेल तर हॉक मॉथ हा पतंग. अंग कमानीसारखं वर उचलून वीत मोजत चालत असेल तर पतंग. एरंडावर काळपट, मखमली अळी अशी चालताना दिसेल ती पतंगाचीच. अंगभर दाट केस असतील तर बहुधा पतंग, पण विरळ केस फुलपाखरांच्या अळ्यांनाही असतात, हळदीकुंकवालाही आहेत.

मधल्या आणि मागच्या टोकाच्या मऊ पायांच्या जोड्या मोजा. फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांना हे पाय जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सहा किंवा त्याहून जास्त असतील तर ती सॉफ्लायची अळी, म्हणजे गांधीलमाशीच्या नातलगाची.

केसाळ सुरवंटाला, आणि गोगलगायीसारख्या चपट्या, काटेरी, भडक हिरव्या अळीला हात लावू नये. काहींचे केस कातडीत रुतून आग होते, फोड येतात, आणि कुठली निरुपद्रवी ते कळायला वेळ लागतो. साधा नियम ठेवा: कुठल्याच अळीला बोट लावायचं नाही.

जाताना काय न्यायचं, तिथे कसं वागायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, मोबाइल. लांब बाह्या आणि पूर्ण पायघोळ कपडे, कारण शेंगांवर खाज येणारी लव असलेली खाजकुइली याच झुडपांत असते. झुडपात हात घालण्याआधी काठीनं गवत हलवून बघा, पावसाळ्यात सापही सावलीला बसलेले असतात. पानांना शिवून लाल मुंग्यांनी घरटी केली असतील तर ते झाड सोडा, त्यांनी अळ्या आधीच साफ केलेल्या असतात.

फांदी वाकवायची ती हळू, आणि सोडायची त्याहून हळू. झटका बसला की लहान अळ्या धाग्यानं खाली लटकतात किंवा पडतात. कात टाकण्याआधी अळी दिवसभर निपचित बसते. पायाखाली तिनं रेशमाची गादी विणलेली असते आणि ती त्या गादीला पकडूनच कातीतून बाहेर निघते. अशी अळी आजारी आहे समजून हलवली तर ती कातीत अडकून मरू शकते. अळीजवळ पिवळट-पांढरे छोटे कोश चिकटलेले दिसले तर त्या परजीवी गांधीलमाशीच्या अळ्या तिच्या अंगातून बाहेर पडल्या आहेत. तेही टिपून ठेवा, झाडून टाकू नका.

नोंद करताना नुसतं "रुईवर अळी" असं लिहू नका. तारीख, झाड, कोवळं पान की जून, वरची बाजू की खालची, जमिनीपासून उंची, अळीची लांबी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती खात होती की नुसती बसली होती. कोश करायला निघालेली अळी भलत्याच झाडावर जाऊन बसते. ती तिथे दिसली म्हणून ते तिचं खाद्य ठरत नाही. खाताना पाहिलेली नोंदच खरी.

झाड अनोळखी असेल तर अळीइतकेच फोटो झाडाचे काढा: पानाची वरची आणि खालची बाजू, पानं दांड्यावर समोरासमोर आहेत की आळीपाळीनं, फूल, फळ, आणि देठ तोडल्यावर चीक येतो का. देठ तोडायचा तो अळी नसलेल्या फांदीचा. तीनचार दिवसांनी त्याच फांदीशी परत या. अळीची लांबी पुन्हा मोजा आणि ती तिथे नसेल तर शेजारच्या झुडपांत, दगडाखाली, कुंपणाच्या तारेवर, वाळक्या काडीवर कोश शोधा. लाइम बटरफ्लाय आणि मॉर्मनचा कोश कमरेला धागा बांधून बसलेला असतो, टायगर आणि क्रोंचा शेपटीकडून उलटा टांगलेला. क्रोचा असेल तर तो आरशासारखा चंदेरी किंवा सोनेरी चकाकतो, त्यामुळे उन्हात लांबूनही नजरेत भरतो.